लहान सेट विरुद्ध मोठी जोडी: नो-लिमिट होल्डेममधला हा डाव कसा खेळावा

तीन पत्ती खेळत मोठे झालेले अनेकजण पोकरच्या टेबलावर येताना ट्रेलची सवय बरोबर घेऊन येतात. तीन पत्तीत दुर्रीची ट्रेलसुद्धा कोणत्याही सिक्वेन्सच्या आणि कोणत्याही कलरच्या वर असते, आणि तिला हरवायला मोठी ट्रेलच लागते. होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात, आणि बोर्डावर, म्हणजे टेबलाच्या मध्ये, सगळ्यांसाठी पाच पाने उघडली जातात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न), मग पाचवे (रिव्हर). नो-लिमिट म्हणजे कधीही आपल्याकडच्या सगळ्या चिप्स लावता येतात. इथे तीन सारख्या पानांना हा मान नाही. ओळीने लागलेली पाच पाने म्हणजे स्ट्रेट, पाचही बदाम किंवा पाचही किलवर असा फ्लश, तीन सारखी पाने व एक जोडी असे फुल हाउस आणि चार सारखी पाने हे सगळे त्यांच्या वर बसतात. तरीही नवशिक्याला सर्वांत जास्त चिप्स मिळवून देणारा हात कोणता, असे कोणी विचारले तर मी लहान जोडीवर लागलेल्या सेटचेच नाव घेईन.

त्याचे अर्धे कारण सेटच्या ताकदीत आहे आणि उरलेले अर्धे समोरच्या माणसाच्या हातात आहे. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. तासन्‌तास पाने टाकत बसल्यावर ती हाती आली, बोर्डावर तिच्याहून मोठे काहीही दिसत नसले, आणि त्याच वेळी कोणी अंगावर रेझ केली, म्हणजे लावलेली रक्कम आणखी वाढवली, तर ती जोडी टाकून देणे बहुतेकांना जमत नाही. या लेखात जे सांगायचे आहे ते सगळे या एका अनिच्छेभोवती फिरते: ती अनिच्छा कधी विकत घ्यायची, किती किमतीला घ्यायची, आणि ती विरून जाण्याआधी तिचे पैसे कसे वसूल करायचे.

प्रथम दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. हातात जोडी आहे आणि तिसरे पान बोर्डावर आले, तर तो सेट. हातात एकच पान आहे आणि बोर्डावर त्याची जोडी पडली, तर तीन सारखी पाने होतात, पण त्याला सेट न म्हणता ट्रिप्स म्हणतात. हा फरक नावापुरता नाही, कारण ट्रिप्सच्या वेळी बोर्डावरची जोडी सगळ्यांना दिसते आणि सगळे सावध होतात, तर सेटच्या वेळी बोर्डावर एक निरुपद्रवी पंजी पडलेली असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ओव्हरपेअर म्हणजे हातातली अशी जोडी, जी बोर्डावरच्या प्रत्येक पानाहून मोठी आहे. बोर्डावर नव्वी, पंजी आणि दुर्री असेल, तर दश्शीपासून एक्क्यापर्यंतची कोणतीही जोडी ही ओव्हरपेअर ठरते.

पहिली पायरी: फ्लॉप येण्याआधी दोघांचे स्टॅक (प्रत्येकाकडच्या एकूण चिप्स) मोजा

हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगले काही लागण्याची शक्यता 11.8 टक्के आहे, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या साडेसात वेळा लहान जोडी फ्लॉपनंतर टाकूनच द्यावी लागते. त्यामुळे फ्लॉपआधीचा कॉल, म्हणजे समोरच्याने लावलेल्या रकमेइतक्या चिप्स घालून डावात राहणे, योग्य की अयोग्य, हे पूर्णपणे एका हिशोबावर ठरते: त्या एका वेळी इतकी कमाई होईल का, की साडेसात वेळांचा खर्च भरून निघेल?

एक डाव घेऊ आणि लेखभर तोच वापरू. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमा (स्मॉल आणि बिग ब्लाइंड), 100 आणि 200 आहेत, तुमच्याकडे आणि समोरच्याकडे प्रत्येकी 20,000 चिप्स आहेत. सुरुवातीच्या जागेवरून एक जपून खेळणारा माणूस 600 ला रेझ करतो, बाकीचे पाने टाकतात, आणि बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळायला मिळणाऱ्या जागेवर, बसलेल्या तुमच्या हातात बदामाची आणि इस्पिकची पंजी आहे. 600 चा कॉल साडेसात वेळा वाया गेला तर 4,500 चिप्स जातात. सेट लागल्यावर समोरच्याचे 600 आणि ब्लाइंडचे 300 असे 900 पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आधीच आहेत, म्हणून फ्लॉपनंतर त्याच्याकडून सरासरीने आणखी 3,600 निघाले तर हिशोब बरोबरीत सुटतो. 20,000 च्या स्टॅकपुढे ही रक्कम लहान दिसते, पण इथे सरासरी या शब्दाकडे नीट लक्ष द्यायला हवे, कारण सेट लागला तरी प्रत्येक वेळी समोर ओव्हरपेअर नसते, असली तरी प्रत्येक वेळी ती शेवटपर्यंत पैसे देत नाही, आणि दिले तरी कधीकधी शेवटचे पान येऊन तुम्हीच हरता. म्हणून अनुभवी खेळाडू असा ठोकताळा वापरतात की कॉलच्या रकमेच्या किमान 15 ते 20 पट चिप्स दोघांकडेही शिल्लक असाव्यात. आपल्या उदाहरणात त्या 9,000 ते 12,000 होतात, आणि मोजायचा तो दोघांपैकी लहान स्टॅक. समोरच्याकडे 4,000 च असतील, तर तुमच्याकडचे 20,000 या डावात निरुपयोगी आहेत आणि पंज्या तिथेच टाकाव्यात.

समोरचा माणूस कोणत्या जागेवरून रेझ करतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या जागेवरून तो फक्त दश्शी आणि त्यावरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी खेळतो असे धरा. प्रत्येक जोडी 6 प्रकारांनी बनते, म्हणून पाच जोड्यांचे 30 प्रकार, आणि एक्का-राजा व एक्का-राणीचे प्रत्येकी 16 मिळून 32. म्हणजे 62 पैकी 30 वेळा, जवळजवळ निम्म्या वेळा, त्याच्याकडे तुम्हाला हवी ती मोठी जोडी असते. हाच माणूस बटनवरून ब्लाइंड उचलण्यासाठी सगळ्या 1,326 हातांपैकी 40 टक्के हात खेळत असेल, तर 530 पैकी तेच 30. तुमच्या पंज्या त्याच आहेत, फ्लॉपही तोच लागेल, पण पैसे देणारा गिऱ्हाईक तिथे नसेल. नवशिके हा भाग हमखास विसरतात.

तुम्हीच 600 ला रेझ केली आणि बिग ब्लाइंडमधल्या खेळाडूने ती 2,000 वर नेली, तर आणखी 1,400 द्यायचे असतात आणि पॉटमध्ये स्मॉल ब्लाइंडचे 100 धरून 2,700 असतात. साडेसात वेळांचे 10,500 जातात, त्यातून 2,700 वजा केले तरी उरलेल्या 18,000 पैकी सरासरी 7,800 त्याच्याकडून काढावे लागतील. जपून खेळणाऱ्या, मोठ्या जोडीच्या प्रेमात पडणाऱ्या माणसाविरुद्ध आणि त्याच्यानंतर खेळायची संधी असेल तेव्हाच हे जमण्यासारखे आहे. त्याच्या आधी खेळावे लागणार असेल, तर नवशिक्याने लहान जोडी टाकावी.

दुसरी पायरी: फ्लॉपवर समोरच्याच्या हातांची मोजदाद करा

फ्लॉप उघडतो: किलवरची नव्वी, चौकटची पंजी, इस्पिकची दुर्री. तुम्हाला सेट लागला आहे. या क्षणी दोन गोष्टी करायच्या आहेत. पहिली म्हणजे हातांना शांत ठेवायचे. चांगले पान पाहिल्यावर नकळत स्वतःच्या चिप्सकडे नजर टाकण्याची सवय बहुतेकांना असते आणि टेबलावरचे जाणते ती टिपतात, म्हणून फ्लॉप उघडत असताना पानांकडे पाहण्याऐवजी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. पाने नंतरही तिथेच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कोण आपल्या मागे आहे आणि कोण पुढे, हे मोजायचे. या बोर्डावर त्या जपून खेळणाऱ्या माणसाकडे ओव्हरपेअरचे 30 प्रकार असू शकतात. तो नव्व्याही खेळत असेल, तर बोर्डावर एक नव्वी पडल्यामुळे त्यांचे फक्त 3 प्रकार उरतात. पैसे देणारे 30 आणि पैसे नेणारे 3, असे हे प्रमाण आहे. आता समजा फ्लॉप राजा, नव्वी, पंजी असा आला असता. मग ओव्हरपेअर एकच उरते, एक्क्यांची, तिचे 6 प्रकार, एक्का-राजाचे 12, आणि तुम्हाला मारणारे राजांचे 3 व नव्व्यांचे 3. तरीही 18 विरुद्ध 6 असे पारडे तुमच्याच बाजूला झुकते. लहान सेट हातात असताना मोठ्या सेटची भीती बाळगून बसणाऱ्यांना मी हे आकडे कागदावर लिहून काढायला सांगतो, कारण भीती जात नसली तरी तिचे खरे माप कळते. दोघांच्याही हातात जोडी असताना दोघांनाही एकाच फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता 1 टक्क्याच्या आसपास आहे.

ओव्हरपेअरला मात्र आता दोनच पाने वाचवू शकतात. दोन्ही हात माहीत असतील तर न दिसलेली 45 पाने उरतात, त्यांत त्याची दोन. टर्न आणि रिव्हर मिळून त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता 8.8 टक्के. बाकी जवळजवळ प्रत्येक वेळी तुम्ही जिंकता.

तिसरी पायरी: पॉट फ्लॉपपासूनच वाढवायला घ्या

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू या. सेट लागलेला नवशिका बहुधा असा विचार करतो की समोरच्याला घाबरवू नये, त्याला बेट करू द्यावी, आपण फक्त कॉल करावे, आणि शेवटी एकदम झडप घालावी. कानाला हे शहाणपणाचे वाटते, पण चिप्सच्या हिशोबात ते बसत नाही.

पॉटमध्ये 1,500 आहेत आणि समोरच्याने 1,000 ची बेट केली. तुम्ही फक्त कॉल केले, तर पॉट 3,500 आणि दोघांकडे 18,400 उरतात. टर्नला त्याने चेक केले, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, तुम्ही 2,600 लावले आणि त्याने कॉल केले, तर पॉट 8,700 आणि शिल्लक 15,800. आता रिव्हरला सगळे घ्यायचे असतील तर पॉटच्या जवळजवळ दुप्पट रकमेची बेट करावी लागेल, आणि इतक्या मोठ्या बेटपुढे राजांची जोडीसुद्धा विचारात पडते. याउलट फ्लॉपलाच तुम्ही 3,200 ला रेझ केली आणि त्याने कॉल केले, तर पॉट 7,900 होतो आणि शिल्लक 16,200. टर्नला 5,400 ची बेट, पॉट 18,700, शिल्लक 10,800. रिव्हरला उरलेले 10,800 हे पॉटच्या साठ टक्क्यांहूनही कमी आहेत, म्हणजे अगदी साधी दिसणारी बेट. एकच जास्तीची रेझ वेळेवर झाल्यामुळे सगळा स्टॅक तीन सहज पावलांत आत जातो. नो-लिमिटमध्ये प्रत्येक बेट आधीच्या पॉटच्या मापाने होते, म्हणून फ्लॉपवर गमावलेले हजार रिव्हरपर्यंत अनेक हजार झालेले असतात.

दुसरे कारण येणाऱ्या पानांचे आहे. सुरुवातीच्या दिवसांत गणपतीच्या जागरणाला आम्ही काही मित्र चिंचोक्यांवर होल्डेम खेळत असू. माझ्या हातात चव्व्या होत्या आणि फ्लॉप दश्शी, चव्वी, दुर्री असा कोरडा, म्हणजे स्ट्रेट-फ्लशची फारशी शक्यता नसलेला, लागला होता. मित्राने मूठभर चिंचोके पुढे सारले आणि मी मोठ्या धूर्तपणाने फक्त तेवढेच मोजून ठेवले. टर्नला राजा आला, आणि चिंचोक्यांकडे निघालेला त्याचा हात अर्ध्यावरूनच मागे गेला. रिव्हरला एक्का आला. मी बेट केली तेव्हा त्याने दोन राण्या उताण्या टाकल्या आणि म्हणाला, ‘या दोघांपैकी एक तरी तुझ्याकडे आहेच.’ फ्लॉपवर त्याच राण्यांवर त्याने त्याच्यासमोरचा सगळा ढीग आत ढकलला असता. समोर राण्या असताना त्यांना घाबरवणारी आठ पाने डेकमध्ये असतात, चार एक्के आणि चार राजे. त्यांपैकी एक तरी टर्न किंवा रिव्हरला येण्याची शक्यता जवळजवळ 33 टक्के आहे. वाट पाहण्याची ही किंमत आहे आणि ती दर तीन वेळांत एकदा मोजावी लागते.

हा नियम सरसकट नाही. समोरचा माणूस आक्रमक असेल आणि टर्नलाही स्वतःहून मोठी बेट करणार याची तुम्हाला खात्री असेल, तर कोरड्या बोर्डावर फ्लॉपला कॉल करून टर्नला रेझ करणे उत्तम. तो टर्नला 2,400 लावेल, तुम्ही 7,200 वर न्याल, पॉट 17,900 होईल आणि उरलेले 11,200 रिव्हरला आरामात आत जातील. पण हा डाव त्याच्या बेटवर उभा आहे. अनोळखी माणसाविरुद्ध मी फ्लॉपलाच रेझ करतो.

बोर्ड कोरडा नसेल, उदाहरणार्थ बदामाची अठ्ठी, बदामाची सत्ती आणि किलवरची पंजी, तर वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन बदाम हातात असलेल्याला दोन पाने शिल्लक असताना सुमारे 25 टक्के संधी असते, स्ट्रेटची वाट पाहणारे वेगळे, आणि तिसरा बदाम किंवा छक्की पडली की मोठी जोडीवालाही हात आखडता घेतो. इथे रेझ थोडी जास्त मोठी असावी, म्हणजे 1,000 च्या बेटवर 3,500 किंवा 4,000.

तुम्हाला त्याच्या आधी खेळायचे असेल, म्हणजे तुम्ही बिग ब्लाइंडमधून कॉल केले असेल, तर चेक करून त्याच्या बेटवर रेझ करावी. तो फ्लॉपला बेट न करता चेक करणाऱ्यांतला असेल, तर मात्र स्वतःच बेट करून सुरुवात करावी. दोन्ही वेळा तुम्ही चेक करून त्याला टर्न आणि रिव्हर फुकट दाखवलीत, तर लहान पॉटच पदरी पडेल.

प्रत्यक्ष टेबलावर खेळताना एक बारीकसा नियम अनेकांना महागात पडतो. बेट झालेली असताना तोंडाने ‘रेझ’ न म्हणता एकच मोठी चिप पुढे टाकली, तर ती कितीही मोठी असली तरी तो कॉल धरला जातो. तसेच एकदा चिप्स ठेवून पुन्हा हात मागे नेऊन आणखी चिप्स आणल्या, तर त्या मोजल्या जात नाहीत. म्हणून आधी ‘रेझ, बत्तीसशे’ असे स्पष्ट म्हणावे, मग चिप्स पुढे सराव्यात.

चौथी पायरी: टर्न आणि रिव्हर

फ्लॉपवर रेझ झाली आणि कॉल मिळाला, तर पुढच्या पानांना थोडक्यात असे सामोरे जावे. साधे लहान पान आले तर बेट चालू ठेवावी. बोर्डाची जोडी झाली, समजा दुसरी नव्वी आली, तर तुमचे फुल हाउस झाले; सेटला रिव्हरपर्यंत फुल हाउस किंवा त्याहून चांगले होण्याची शक्यता 33 टक्के असते. अशा वेळी बेट आणखी निर्धास्तपणे करावी, पण त्याच्या जोडीचे तिसरे पान आले तर त्याचे फुल हाउस तुमच्याहून मोठे होते, हे लक्षात ठेवावे. एक्का किंवा राजा आला आणि त्याने चेक केले, तर बेट थोडी लहान करावी, पॉटच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे राण्यांचा मालक आणखी एकदा कॉल करील.

चौथे बदाम किंवा स्ट्रेटचे चौथे पान बोर्डावर पडले, तर वेग कमी करावा. समोरच्याच्या दोन राजांपैकी एक बदामाचा असू शकतो. चेक करावे, लहान बेट आली तर कॉल करावे.

पाचवी पायरी: कुठे थांबायचे

दोघांकडे 100 बिग ब्लाइंड, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या 20,000 चिप्स असतील, तर कोरड्या बोर्डावर एकाच माणसाविरुद्ध सेट टाकण्याचा विचार नवशिक्याने करू नये. समोर नव्व्या निघाल्या तर निघाल्या. वरच्या 30 आणि 3 च्या प्रमाणात ते हरणे आधीच धरलेले आहे. स्टॅक 250 किंवा 300 बिग ब्लाइंडचे असतील, तेव्हा मात्र वेगळा विचार लागतो, कारण ओव्हरपेअरवाला इतक्या चिप्स सहसा एका जोडीवर घालत नाही, आणि जो घालतो त्याच्याकडे बहुधा जोडीपेक्षा अधिक काहीतरी असते. अशा वेळी तुमच्या रेझवर त्याने पुन्हा रेझ केली, तर कॉल करून पुढे जावे आणि आणखी वर नेण्याचा मोह टाळावा. शांतपणे, क्वचितच बेट करणारा माणूस रिव्हरला अचानक मोठी रेझ करतो, तेव्हाही तेच.

2006 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या रोख खेळात व्यावसायिक खेळाडू डॅनियल नेग्रानूकडे छक्क्या होत्या आणि दुसरा व्यावसायिक गस हॅन्सनकडे पंज्या. फ्लॉप नव्वी, छक्की, पंजी असा आला, दोघांनाही सेट लागले, आणि हॅन्सनला वाचवणारे डेकमध्ये एकच पान उरले होते, येण्याची शक्यता 4.4 टक्के. टर्नला तेच आले आणि 5,75,700 डॉलरचा पॉट हॅन्सनकडे गेला. बघणाऱ्यांना हॅन्सनचे नशीब आठवते. मला त्यात शिकण्यासारखे वाटते ते हे, की फ्लॉपवर मागे कोण आहे हे दोघांपैकी कोणालाही माहीत असणे शक्य नव्हते, आणि दोघांनीही आपापला सेट खाली ठेवण्याइतका तो कमकुवत मानला नाही.

घरी करायचा सराव

पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत प्रत्यक्ष बसण्याआधीही हात बसलेला असणे चांगले, म्हणून हा सराव घरीच करावा. पत्त्यांचा एक कॅट घ्या. दोन पंज्या आणि दोन राजे काढून उताणे ठेवा, उरलेली 48 पाने नीट पिसा आणि फ्लॉप उघडा. राजे बाहेर असल्यामुळे इथे सेट थोडा जास्त वेळा लागेल, आठ वेळांत एकदा. पंजी आली नाही तर पाने परत मिसळा. आली तर दोन्ही बाजूंना 20,000 चे चिंचोके मांडा आणि वरच्या उदाहरणाप्रमाणे बेट, रेझ आणि कॉल स्वतःच दोन्ही बाजूंनी खेळा: एकदा फ्लॉपला फक्त कॉल करून, एकदा रेझ करून. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात टर्न आणि रिव्हरचे पान लिहा, दुसऱ्यात रिव्हरच्या आधी पॉट किती आणि शिल्लक किती ते, आणि तिसऱ्यात, त्या पानानंतर राजांची जोडी हातात घेऊन तुम्ही स्वतः कॉल केले असते का, हे प्रामाणिकपणे लिहा.